मदत हवी आहे: अ‍ॅलिस क्लिंगची फुलदाणी, अस्सल आहे का?

फिनिक्सकर: लिलाव आज रात्री संपतोय, म्हणून पटकन सांगा. नावाहो (अमेरिकेतली मूळ जमात) फुलदाणी, क्लिंगबाई त्याच जमातीतल्या कुंभार; तडा नाही, तळाला सही, सोबत प्रमाणपत्र. भावही बरा वाटतोय. घ्यावी का?

मातीमोल: फोटो? उंची? रंग? सहीत अक्षरं काय आहेत?

रेवाकाठ: लिलाव-बिलाव सोडा हो. न्यू मेक्सिकोतल्या सांताफेला ऑगस्टमध्ये इंडियन मार्केट (अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या कलेचा बाजार) भरतं, मी तिथं थेट कलाकाराकडून घेते. प्रमाणपत्रं काय, कुणीही छापतं.

फिनिक्सकर: आज रात्री म्हणतोय, ऑगस्टमध्ये नाही!! सही 'नावाहो' आणि पुढं काहीतरी, नीट वाचता येत नाही.

खापरखुंटी: क्लिंग म्हणजे त्या काळ्या चकचकीत भांड्यांवाल्या ना?

मातीमोल: त्या मारिया मार्टिनेझ, सान इल्डेफोन्सोच्या. प्वेब्लो या वेगळ्या मूळ समाजातल्या, नावाहो नव्हेत. नावाहोंमध्ये काळं काम हवं तर क्रिस्टीन मॅकहॉर्स बघा, अभ्रकाच्या मातीतलं. क्लिंगबाई अ‍ॅरिझोनातल्या, जन्म १९४६चा, आई रोझ विल्यम्सकडून शिकल्या. हातानं वळ्या रचून भांडं चढवायचं, नदीतल्या गोट्यानं घोटायचं, उघड्यावर लाकडात भाजायचं आणि गरम असतानाच पिनॉन पाइनची राळ चोळायची. म्हणून तो तांबडा-तपकिरी रंग आणि ज्वाळेचे काळपट डाग. तुमची तशी आहे का?

फिनिक्सकर: नाही. पांढरी आहे, वर वेड्यावाकड्या काळ्या रेघा आणि कोरलेली नक्षी.

रेवाकाठ: मग ती हॉर्सहेअर! तापलेल्या भांड्यावर घोड्याचे केस टाकले की जळून अशा रेघा उमटतात. असली भांडी बहुधा साच्यात ओतलेली असतात. ही कसली कुंभारकला?

मातीमोल: साचा असेल, पण कोरणारा हात नावाहोच असू शकतो. त्याला खोटं कसं म्हणणार? त्यांचं पोट त्यावर चालतं.

रेवाकाठ: पोट चालतं म्हणून मी क्लिंगच्या किमतीला घ्यायची?

अनुजा_डॅलस: कुठलंही मातीचं भांडं डिशवॉशरमध्ये घालू नका. ताजी फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा ग्लास बसवा.

मातीमोल: फुलांचं कुणी विचारलंय? फिनिक्सकर, लिलावाच्या पानावर 'अ‍ॅलिस क्लिंग' नाव नेमकं कसं लिहिलंय?

फिनिक्सकर: 'अ‍ॅलिस क्लिंग स्टाइल'. का?

रेवाकाठ: 😂

मातीमोल: तो शब्द पहिल्याच ओळीत सांगितला असतात तर! 'स्टाइल' म्हणजे विकणारा त्यांच्या नावानं विकतच नाहीये. तरी 'नावाहो' म्हणून विकत असेल तर करणारा खरंच त्या जमातीचा किंवा जमातीनं प्रमाणित केलेला कारागीर असावा लागतो, अमेरिकेचा १९९०चा कायदा आहे. कलाकाराचं पूर्ण नाव आणि जमात लेखी मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

खापरखुंटी: एवढे डॉलर घालवण्यापेक्षा निजामाबादची काळी भांडी मागवा. आझमगडजवळ. एक नंबर!

फिनिक्सकर: विकणाऱ्याला मेसेज टाकलाय. तोवर दुसरी एक दिसतेय, तपकिरी, बुटकी, सही 'अ‍ॅलिस क्लिंग' अशी पूर्ण. हिचा लिलाव उद्या दुपारी संपतो.

मातीमोल: तळाचा आणि आतल्या बाजूचा फोटो टाका. आत साच्याची शिवण दिसते का तेही बघा.

अनुजा_डॅलस: आणि उंची!