मदत हवी आहे: उंच दरडीवरून मासा उचलायला जाळी आणि दांडा कोणता घ्यावा?

वारणाकाठचा

नमस्कार मंडळी,

आबांना (माझे वडील, वय 69) गरीचा नाद लहानपणापासून. मी त्यांच्या मागे बसूनच शिकलो. सांगलीजवळ वारणेच्या काठाला आमची ठरलेली जागा आहे, एका कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. रोहू, कटला, गवत्या, चिलापी, शिंगटा, कधीतरी मरळ. बहुतेक मासे दोन किलोच्या आतले. पण वर्षातून तीन-चार वेळा चार-पाच किलोचा रोहू लागतो आणि तिथंच आमचं अडतं.

आजवर आमच्याकडे जाळी नव्हतीच. मासा दमवून काठाला आणायचा, आबांनी दरड उतरायची आणि कल्ल्यात बोटं घालून उचलायचा. गेल्या महिन्यात उतरताना त्यांचा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. मी काठी टाकून हात दिला. मासा गेला, त्याचं काही नाही. पण कृष्णा-वारणेत मगरी आहेत, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही. आबा आता पाण्याला उतरणार नाहीत, एवढं ठरवलंय. पण त्यांना नदी सोडा म्हणायचं धाडस माझ्यात नाही, आणि तसं म्हणायची इच्छाही नाही.

म्हणून ऑनलाइन एक जाळी मागवली. घडीची, त्रिकोणी तोंडाची, पिळून घट्ट करायचा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा. घरी अंगणात छान वाटली. नदीवर पहिल्याच साडेतीन किलोच्या गवत्याला दांड्याचा सांधा सरकून आत गेला, आणि जाळी जिथं दांड्याला जोडते तो प्लास्टिकचा तुकडा तडकला. त्याआधी एका शिंगट्याचे काटे जाळीच्या गाठींत असे अडकले होते की सोडवता सोडवता तो बिचारा मेला.

आता परत चुकायचं नाही. तोंड केवढं असावं, दांडा किती लांब, कशाचा, जाळी कसली? तीन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. टिकणारं हवं, आणि आबांच्या हाताला पेलणारं.

डोहकरी

आधी मापं द्या. तुम्ही उभे राहता तिथून पाणी किती खाली आहे? दरड सरळ आहे की उताराची? आणि जाळी कोण धरणार, तुम्ही की आबा?

वारणाकाठचा

आज जाऊन मोजून आलो. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात तेव्हा पाणी पायापासून साधारण 4 फूट खाली, उतारावरून मोजलं तर 6 फूट. बरगे काढल्यावर मात्र 9 फूट आणि खाली गुडघाभर चिखल. काठी आबांच्या हातात असेल तर जाळी मी धरतो. मी नसलो की दोन्ही तेच.

डोहकरी

मग ऐका, जरा सविस्तर लिहितो.

9 फुटांचा विचार सोडून द्या. तेवढ्या खोलातून मासा वर काढील असा दांडा मिळेल, पण तो पेलणारा माणूस मिळणार नाही. हिशेब करून पाहा. 8 फुटांचा दांडा आहे, एक हात अगदी बुडाला आणि दुसरा त्याच्या पुढे दीड फुटावर. टोकाला 3 किलोचा मासा. दांडा आडवा धरून उचलायला गेलात तर पुढच्या हातावर 16 किलोचा भार येतो आणि मागचा हात 13 किलोनं खाली दाबावा लागतो. यात जाळीचं वजन धरलेलंच नाही. तुमचा गवत्या साडेतीन किलोचा होता. सांधा सरकला यात नवल नाही, कुठलाही पिळाचा सांधा तिथं सरकेल.

म्हणून पहिली गोष्ट दांड्याची नाही, रीतीची. मासा जाळीत आला की दांडा उचलायचाच नाही. तो आपल्याकडे मागे ओढायचा, हातावर हात घेत, विहिरीतून पोहरा ओढतो तसा. जाळीचं कडं हाताशी आलं की कडंच धरून उचलायचं. दांडा फक्त पोचण्यासाठी असतो, उचलण्यासाठी नाही. एवढं सांभाळलंत तर साधा दांडाही वर्षानुवर्षं टिकतो.

तुमच्या उताराला 6 अधिक 2, असा 8 फुटांचा दांडा पुरे. कडं पाण्यात पूर्ण बुडायला हवं, म्हणून ते दोन फूट जास्तीचे.

तोंड: पाच किलोचा रोहू दोन फुटांच्या आसपास भरतो. 55 ते 60 सेंटिमीटरचं तोंड घ्या. लहान तोंडात मासा वाकून आत पडायला हवा, आणि तो वाकत नाही, कडेवर आपटतो. गळ बहुतेक तिथंच सुटतो. खोली निदान दीड-दोन फूट हवी, म्हणजे मासा आत गेल्यावर कडं जरा तिरपं केलं की वाट बंद. त्याहून खोल मात्र नको, प्रवाहात ती पिशवी फुगते आणि वाहत्या पाण्यात कडं हातात ठरत नाही.

जाळीचं कापड: गाठींची नायलॉन जाळी घेऊच नका. गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा खरवडतात, शेपटीचे पर फाडतात, आणि शिंगट्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. बिनगाठीची जाळी घ्या, नाहीतर रबर चढवलेली. रबराची शिंगट्याला आणि तीन तोंडांच्या गळाला उत्तम, काही अडकत नाही, वासही धरत नाही. पण ती जड असते आणि पाणी जास्त ओढते. आबा एकटे असताना वापरणार असतील तर माझं मत बिनगाठीच्या हलक्या जाळीला.

आणि मासा दमल्याशिवाय जाळी दाखवू नका. जाळी आधी पाण्यात, स्थिर. मासा तिच्यावर आणायचा, डोकं पुढे. मागून शेपटीकडून खुपसायला गेलं की तो उसळतो. प्रवाह असेल तर जाळीवाला माशाच्या खालच्या अंगाला उभा राहावा, म्हणजे दमलेला मासा आपसूक वाहत जाळीवर येतो.

ट्रेंटकाठ

मी मूळचा मिरजेचा, सध्या नॉटिंगहॅमला. इथं ट्रेंट नदीवर बार्बेल नावाचे मासे धरतो. इंग्लंडमध्ये गाठींच्या जाळीला नियमानंच बंदी आहे, धातूच्या जाळीलाही. त्यामुळे डोहकरींच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा.

भर घालण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आटे. इथल्या जाळ्या आणि दांडे वेगवेगळे विकले जातात आणि दोन्हींचे आटे ठरलेले असतात: 3/8 इंच, बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बारीक आट्यांचं ब्रिटिश माप), इंचाला 20 आटे. तुमच्याकडे ऑनलाइन येणाऱ्या बऱ्याच जाळ्यांवर हेच माप लिहिलेलं दिसेल. पण आपल्या हार्डवेअरच्या दुकानात 3/8 चा बोल्ट मागितला तर इंचाला 16 आट्यांचाही मिळू शकतो, आणि एम10 तर वेगळाच. दोन-तीन फेरे बसतात, मग घट्ट लागतं, आपल्याला वाटतं बसलं. जोर लावला की पितळेचे आटे चिरडतात. हातानं शेवटपर्यंत सहज फिरलं तरच ते जोडीचं समजा.

दुसरं, जोडाचा तुकडा प्लास्टिकचा असला तरी आतली आट्यांची नळी पितळेची किंवा स्टीलची आहे का बघा. आणि मासा पडल्यावर कडं आट्यांवर फिरून उलटं होऊ शकतं. मी मध्ये एक पातळ रबरी वायसर घालतो, मग ते फिरत नाही.

भट्टीवाला

विकतचं कशाला? कडं आमच्यासारख्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. फक्त 8 मिलिमीटरची सळई सांगू नका. 60 सेंटिमीटरच्या कड्याला जवळजवळ 1.9 मीटर सळई लागते, 8 ची पाऊण किलो भरते. 6 ची 420 ग्रॅमच्या आसपास. 8 फुटांच्या टोकाला हा फरक मनगटाला कळतो. 6 ची घ्या, दांडा बसायला सहा इंचांचा पाइपचा तुकडा जोडून घ्या आणि आरपार एक बोल्ट. रंग दोन हात द्या, वेल्डच्या जागी जास्त.

दांड्याला माणगा बांबू. कोकणातून कोणी येणार असेल तर मागवा. तो जवळजवळ भरीव असतो, वाकतो पण मोडत नाही. थंडीत तोडलेला, सावलीत दोन महिने वाळलेला हवा, नाहीतर भुंगा लागतो. पेरांच्या गाठी तासून गुळगुळीत करा, नाहीतर हातावर हात घेत ओढताना तळवा सोलतो. दांड्याच्या बुडाला दोरीचा फास ठेवा आणि मनगटात न घालता खुंटीला बांधा. मोठा मासा उसळला तर दांडा जाईल, माणूस जायला नको.

बिनगाठीचं कापड मत्स्यबीजवाल्यांकडे मिळतं, ते हाप्याला (पाण्यात पिल्लं ठेवायच्या जाळीच्या पेटीला) वापरतात ते. त्यातलं अगदी बारीक भोकांचं घेऊ नका. ते पाण्यात परातीसारखं अडतं.

वायरमन_इस्लामपूर

इथं अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कृपया मनावर घ्या. नदीकाठाला शेतीपंपांच्या मोटरींच्या वायरी असतात. कुठं झाडाला गुंडाळलेल्या, कुठं बांबूवर टेकवलेल्या, कुठं डोक्याला लागतील इतक्या लोंबत्या. वरून 11 केव्हीची लाइन जाते ती वेगळीच. अ‍ॅल्युमिनियममधून वीज जाते हे सगळ्यांना माहीत आहे. कार्बनच्या दांड्यातून आणि कार्बनच्या गरीच्या काठीतूनही जाते, हे पुष्कळांना माहीत नाही. ओला बांबूसुद्धा भरवशाचा नाही. 8 फुटांचा दांडा खांद्यावर उभा धरून काठानं चालू नका. आडवा, हातात, खाली धरून न्या. बसायच्या जागेच्या वर तार असेल तर जागा बदला. असा प्रसंग मी कामावर असताना जवळून पाहिला आहे. त्यावर जास्त लिहिवत नाही.

मुळशीकर

आमच्याकडे कधी कधी खडस लागतो, म्हणजे आपला दख्खनचा महासीर. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, त्यामुळे तो अगदी घरचा. महाडकडे वाळणकोंडात देवीचे मासे म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. मी तो सोडतो, आणि सोडण्यासाठीच मला जाळी लागते: मासा पाण्यातच, जाळीत ठेवायचा, गळ पक्कडीनं काढायचा, तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघेपर्यंत धरून ठेवायचा. कोरडी जाळी किंवा कोरडा हात लावू नका. तुमच्या वारणेत पावसाच्या सुरवातीला अंड्यांनी पोट भरलेले रोहू चढतात, त्यांनाही अशीच वाट द्या ही विनंती.

डोहकरी

वायरमन यांचं लिहिणं या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं.

टेलिस्कोपिक दांडा घेणाऱ्यांसाठी एक: पिळाच्या सांध्यात वाळू गेली की तो धरत नाही. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण उघडून वाळवा. आणि त्याला तेल कधीच लावू नका, तेलानं तो आणखी सरकतो.

वारणाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

कडं 6 मिलिमीटरच्या सळईचं करून घेतलं, तोंड 58 सेंटिमीटर. माणगा मावसभावानं कुडाळहून पाठवला, साडेआठ फुटांचा. कापड हाप्याचं, बोटभर भोकांचं, आईनं दुहेरी दोऱ्यानं कड्याला शिवलं. सगळं मिळून साडेनऊशे रुपये. बसायच्या जागेवरून मोटरीची एक वायर जात होती. ती ज्यांची आहे त्या शेतकरी काकांशी बोललो, त्यांनी ती उंच बांधून घेतली. तरी आम्ही वीस पावलं सरकून बसतो.

दांडा मागे ओढायची रीत आबांना पटायला वेळ लागला. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं दोनदा दरडीकडे पाऊल टाकलं, दोन्ही वेळा मी हाक मारली. मग मी बादलीत दोन विटा घालून अंगणात त्यांच्याकडून दहा-बारा वेळा ओढून घेतलं. आधी उचलून बघा म्हटलं, मग ओढून बघा. फरक त्यांच्याच हाताला कळला.

काल संध्याकाळी चार किलोच्या पुढचा रोहू लागला. काठी माझ्याकडे होती, जाळी आबांकडे. मासा दोनदा जाळी बघून फिरला, तिसऱ्यांदा आडवा झाला आणि प्रवाहानं स्वतःच कड्यावर आला. आबांनी हातावर हात घेत दांडा ओढला आणि कडं धरून मासा गवतावर ठेवला. पाय दरडीच्या वरच, चप्पलसुद्धा ओली नाही.

एक शंका उरली आहे. कापड धुऊन उन्हात वाळवलं तर नायलॉन लवकर कुजतं का? आई म्हणते उन्हाशिवाय वास जात नाही.

भट्टीवाला

उन्हानं नायलॉन कमजोर होतं. धुऊन झटका आणि वाऱ्याला सावलीत टांगा. वास राहिला तर पाण्यात लिंबू पिळून तासभर भिजवा. आणि कड्याच्या वरच्या बाजूची शिवण दर महिन्याला बघत जा, जमिनीवर घासून पहिल्यांदा तिथंच दोरा तुटतो.