आहार + व्यायाम = वजन? तुमचे अनुभव लिहा

दूरचा_दिवा
काल कपाट आवरताना जुना चामडी पट्टा हाती लागला. मूळची पाच भोकं, आणि पुढे मी तापल्या खिळ्याने पाडलेली तीन. शेवटच्याच्या कडा अजून काळ्या आहेत. ते पाडलं तेव्हा पाच महिन्यांत ११ किलो उतरले होते, खाणं निम्म्यावर आणून. व्यायाम शून्य. शेवटी शेवटी जिना चढताना मांड्या थरथरायच्या, पण काट्यावरचा आकडा बघून मी खूश. पुढच्या दीड वर्षात १३ किलो परत आले आणि पट्टा कपाटात गेला.

मग उलटं केलं. खाण्याला हात न लावता रोज तासभर चालायचो. चार महिन्यांत दीड किलो. घरी आलो की भूक खवळलेली असायची आणि 'आज चाललोय ना' म्हणत वाढून घेताना हात सैल सुटायचा.

तिसऱ्या खेपेला दोन्ही धरलं. ताटातलं थोडंच कमी, चालणं तेवढंच, आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं. वर्षभरात ८ किलो गेले. त्याला आता सहा वर्षं होतील, दोनेक किलो इकडेतिकडे. काल पट्टा लावून पाहिला, तीनपैकी मधल्या भोकात बसला. मला तेवढंच हवं होतं.

तुमचं काय झालं ते लिहा. फसलेलंही लिहा, तेच जास्त उपयोगी पडतं.

सायकलवाला
दुसरा परिच्छेद म्हणजे माझीच गोष्ट. ७० किलोच्या माणसाने तासभर भरभर चाललं तर अडीचशे-तीनशे कॅलरी जळतात. क्रीमची पाच-सहा बिस्किटं खाल्ली की हिशोब बरोबरीत, आणि ती खायला पाच मिनिटं पुरतात. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

गंधाली
बाळंतपणानंतरचं कुणी लिहा ना. झोपच मिळत नाही, व्यायाम कधी करू? रात्री दोनला उठलं की काहीतरी तोंडात टाकतेच.

अर्धविराम
२०१२ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता. पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या ४३९ बायका, वर्षभर. नुसता आहार सांभाळला त्यांचं वजन सरासरी ८.५ टक्के उतरलं, नुसता व्यायाम केला त्यांचं २.४, दोन्ही केलं त्यांचं १०.८. हे वाचलं तेव्हा मी ५३ वर्षांची, ७८ किलो. म्हणजे नुसत्या व्यायामाने माझे दोन किलोसुद्धा जाणार नव्हते! आणि मी तीन वर्षं तेच करत होते, वर स्वतःला आळशी म्हणत होते. त्या दिवशी खूप रडले. मग खाण्याकडे लक्ष दिलं, व्यायाम सोडला नाही. साडेसहा किलो गेले. ती तीन वर्षं मात्र अजून मनाला लागतात.

मनू७१
@गंधाली, आधी झोप. खरंच. बाळ अंगावर पीत असेल तर आत्ता खाणं कमी करायच्या मागे लागू नकोस. माझी लेक दीड वर्षाची झाल्यावर मी सुरुवात केली, काही बिघडलं नाही. रात्रीसाठी उशाशी पोटभरीचं काहीतरी झाकून ठेव, म्हणजे डबे धुंडाळावे लागत नाहीत.

@अर्धविराम, ती तीन वर्षं वाया नाही गेली हो. हृदयाला, गुडघ्यांना, झोपेला मिळालंच असेल की काही.

सायकलवाला
+१

ओंजळ
बाबांचं लिहिते. वय ७१. डॉक्टरांनी वजन कमी करा सांगितलं, त्यांनी जेवण तोडलं. सात किलो उतरले, सगळ्यांनी कौतुक केलं. मग एक दिवस बघितलं, खुर्चीतून उठताना दोन्ही हात दांड्यांवर रेटून, ओठ घट्ट मिटून उठत होते. चरबीबरोबर स्नायूही गेले होते. फिजिओथेरपिस्टने छातीशी हात बांधून खुर्चीतून उठबस करायला लावली. पहिल्या दिवशी तीन, तीही माझा आधार घेऊन. जेवणात प्रथिनं वाढवली. चार महिन्यांनी एका दमात बारा! या काळात काटा जागचा हलला नाही, पण बाबा बाथरूममध्ये एकटे जायला लागले. घरात वयस्कर कुणी वजन उतरवत असेल तर त्यांचं उठणं-बसणं बघा, नुसता काटा बघू नका.

पाऊलवाट
चालण्यावरून आठवलं, सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतंय. कुणाला अनुभव?

मनू७१
पाऊलवाट, मला होतं. घरात अनवाणी फिरू नका, उठायच्या आधी पोटऱ्या ताणा, गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. महिने लागतात पण जातं.

काजवा
पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले, दुसऱ्यात काटा ठप्प. दोनदा याच जागी सोडून दिलं. नंतर कळलं, ते बरंचसं पाणी होतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं, ते आधी निघून जातं. चरबीचा एक किलो म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तो आठवड्यात तिप्पट कुठून जाणार? तिसऱ्यांदा फक्त थांबलो, सोडलं नाही.

निळी_छत्री
स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. वर्षात ९ किलो वाढले. भूक अशी लागते की जेवून उठल्यावर पुन्हा बसावंसं वाटतं. लोक विचारतात, जेवण जरा जास्त होतंय का.

दूरचा_दिवा
निळी_छत्री, गोळ्यांनी भूक वाढते, तुमचा दोष नाही यात. त्या मनाने बंद मात्र करू नका. जमेल तेवढं चाला, आणि विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

अर्धविराम
निळी_छत्री, मनातलं बोलावंसं वाटलं तर मेसेज करा. कधीही.

पाऊलवाट
बाटली फ्रीजरमध्ये ठेवली. धन्यवाद मनू.

शंखशिंपले
रक्तातली साखर सीमेवर आली होती. सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढंच ध्येय दिलं होतं मला. २००२ च्या अमेरिकन प्रयोगात याच दोन गोष्टींनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं, मधुमेहाच्या गोळीने (मेटफॉर्मिन) ३१. माझं पाच टक्क्यांवर अडलंय. साखर उतरलीय पण.

गंधाली
मनूताई, उशाशी डबा ठेवला आजपासून. बाळ उठलं, उरलेलं रात्री दोनला वाचते.