अनुभव धागा: कट्ट्यावर बोललो तर मार खाईन असं मत

परवा मिरजकर तिकटीला चहा पिताना कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "आपलं कोल्हापूर म्हणजे कलापूर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "इथं मूकपटांच्या काळात सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचा एक तरी सिनेमा बघितलायसा काय?" एकदम शांतता. मग एकजण म्हणाला, "कॅमेरा बघितलाय की, खरी कॉर्नरच्या स्मारकाचा."

त्यांचा 'सैरंध्री' 1920 चा, 'सावकारी पाश' 1925 चा, प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली, हे आम्हाला तोंडपाठ. बघितलेलं काही नाही. मीही नाही. तर माझं मत असं की, आम्हाला सिनेमापेक्षा सिनेमाचा अभिमान जास्त आवडतो. हे बोलल्यावर चहाचे पैसे मलाच द्यायला लावले.

तुमचंही असं एखादं मत असेल. सिनेमा, मालिका, नाटक, काहीही चालेल. नुसतं मत नको, ते कसं झालं तेही सांगा.

वसगड्याची माहेरवाशीण:
'तुझ्यात जीव रंगला' 2016 ला लागली आणि तिच्यात दिसणारा आमच्या गावचा वाडा महाराष्ट्राला पाठ झाला. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून माणसं. माझ्या नणंदेच्या जावेची बहीणसुद्धा "सहज आलोय" म्हणत टपकली, वाडा बघून आमच्यात जेवून गेली. मालिका मी रोज बघायचो, खोटं कशाला बोलू? पण भाषेचं काय? 'चालतंय की' आम्ही म्हणतो, म्हणून काय दर वाक्याला म्हणतो? आणि आमच्यात बायका 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. मालिकांतल्या कोल्हापूरकरणी मात्र बहुतेक 'आले, गेले'वाल्या. गळ्यात ठुशी घातली, चार वेळा 'लई भारी' म्हटलं की झाली कोल्हापूरची सून! लग्न होऊन पुण्यात आलो तेव्हा शेजारीण मला म्हणाली, "तुम्ही पुरुषासारखं काय बोलता हो?" तिची चूक नाही. तिनं आम्हाला टीव्हीवरच बघितलेलं.

निवृत्त ऑपरेटर:
मी बत्तीस वर्षं एका टॉकीजात. आधी दारावर, मग केबिनमध्ये. हल्ली जो तो जुन्या टॉकीजच्या आठवणीनं गहिवरतो. त्यांनी एकदा तिथली मुतारी आठवावी. खुर्चीतले ढेकूण आठवावेत. केबिनमध्ये पडद्यावरच्या उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्यातलं अंतर हातानं सारखं करत बसायचं. जरा डुलकी लागली की पडदा अंधारायचा आणि खालून माझ्या आईबापाचा उद्धार. एकच प्रिंट दोन टॉकीजात चालायची. एक रीळ संपलं की पोरगा डबा सायकलला लावून पळायचा. चढाला चेन पडली की मध्यंतर लांबायचं, आणि लोकांना वाटायचं मालक भजी खपवायला उशीर करतोय. (तेही अधूनमधून खरं असायचं.)

आता नातवाबरोबर मल्टिप्लेक्सला जातो, पाय पसरून बसतो. पडदा स्वच्छ, आवाज स्वच्छ. जुनं गेलं म्हणून मला काही वाईट वाटत नाही. पॉपकॉर्नचा भाव ऐकून मात्र वाटतं. आम्ही सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या टॉकीजात फुकट सिनेमा बघायचो आणि तिथनं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. म्हशीची धार थेट पेल्यात, मिशीला फेस. त्याला मल्टिप्लेक्समध्ये तोड नाही, एवढं मान्य.

शिवाजी पेठेतली नात:
ऐतिहासिक सिनेमे मला बघवत नाहीत. झालं, बोललो. आमची आजी जयप्रभा स्टुडिओत गर्दीत उभी राहायला जायची. भालजी पेंढारकरांना ती सगळ्यांसारखं 'बाबा' म्हणायची. 1948 ला स्टुडिओ जळाला आणि बाबांनी तो परत उभा केला, हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. एका सिनेमात ती दिसते. म्हणजे तिचा एक कान आणि पदर दिसतो, दीड सेकंद. टीव्हीवर तो लागला की आख्खं घर समोर. तलवारी, घोडे, लांबच लांब भाषणं. आजी आधीच आडवी व्हायची, "माझा कान आला की उठवा."

बटाटेवडेवाला:
संगीत नाटक मला कळत नाही, आवडतही नाही. बाबा केशवराव भोसले नाट्यगृहात ओढून न्यायचे, मी मध्यंतरातल्या वड्यावर नजर ठेवून जायचो. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं हे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला बाबांशेजारी उभा होतो. ते काही बोलेनात, मीही नाही. मत बदललेलं नाही. पण बाबांना अजून ते सांगितलेलं नाही.

होस्टेलवाला:
मी सगळ्या वेबसिरीज दुप्पट वेगानं बघतो. हिरो रडायला लागला की चौपट. मारा मला.

मंगळवार पेठ, पडद्यामागून:
गणपतीत गल्लीत पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवायचे. पुढची जागा मोठ्यांची, पोरं पडद्याच्या मागं. नावं उलटी, आणि सगळे हिरो डावखुरे. डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं आशीर्वाद द्यायचे. एकटा अमिताभ तेवढा उजव्या हातानं ठोसा मारायचा. म्हणून तो मला आवडायचा. आपल्यासारखा वाटायचा. पुढं बसणाऱ्या आतेभावाशी यावरून मारामारी झाली, माझा दात पडला. दोन वर्षांनी त्यानं मुद्दाम टॉकीजात नेलं. अमिताभनं डावा हात उगारला. आतेभाऊ माझ्याकडं बघून हसला. मी म्हटलं, "ऑपरेटरनं रीळ उलटं लावलंय." अजून माझं तेच मत आहे.

निवृत्त ऑपरेटर:
रीळ उलटं लागलं की आधी आवाज बिघडतो, भावा. आवाज नीट येत होता का?