बदकीचे घरटे : तीस दिवस झाले, तरी पिल्ले नाहीत

राऊचे अंगण : इंदूरजवळ राऊला आमच्या घरामागे खाकी कॅम्पबेल जातीच्या दोन बदक माद्या आणि तोंडावर लाल गाठी असलेल्या मस्कोव्ही बदकांची एक जोडी आहे. खाकी माद्यांसाठी मी कमरेइतक्या उंचीवर लाकडी खोकी बसवून घेतली. परंतु त्या तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि अंडी चिखलात, एकदा तर चक्क हौदात घालून मोकळ्या होतात. मस्कोव्हीने मात्र सरपणाच्या ढिगामागे अकरा अंडी जमवली आहेत. पहिले अंडे दिसले त्याला आज तीस दिवस झाले. बदकाची पिल्ले अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर येतात असे ऐकले होते. शिवाय ती रोज सकाळी अंडी पिसांखाली झाकून हौदात डुंबायला जाते आणि ओलीचिंब होऊन पुन्हा त्यांवर बसते. अंडी वाया गेली असे समजून टाकून द्यावीत का?

जुना पाळणारा : कृपया टाकू नका, आपली मोजणी दोन ठिकाणी चुकली आहे. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब मॅलार्ड या रानबदकापासून आलेल्या पाळीव जातींचा; मस्कोव्ही ही वेगळीच प्रजाती असून तिला साधारण पस्तीस दिवस लागतात. दुसरे म्हणजे, मादी रोज जेमतेम एक अंडे घालते आणि सगळी पिल्ले एकाच सुमारास फुटावीत म्हणून शेवटचे अंडे होईपर्यंत नेटाने उबवायला बसत नाही. म्हणजे अकरा अंड्यांचे पहिले अकरा-बारा दिवस सोडून मोजायला हवे आणि आज फार तर एकोणिसावा दिवस असेल. अंघोळीची काळजी नको. ओल्या पिसांमुळे अंड्यांना ओलावा मिळतो, आणि झाकण म्हणून घातलेली मऊ पिसे ती स्वतःच्या छातीची उपटते.

खाकींचे म्हणाल तर त्यांना उडत उंच खोक्यात जाता येत नाही. भिंतीलगत, जमिनीवरच, सुमारे 30 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर खोल असे अंधारे कप्पे करा व गव्हाचा कोरडा भुसा घाला. पावसाळ्यात बुरशी धरलेला भुसा कधीही वापरू नये, त्याने बदकांच्या फुप्फुसांना रोग होतो. बदके बहुधा पहाटे ते सकाळी आठ-नऊपर्यंत अंडी घालतात. तोवर त्यांना खुराड्यातच ठेवलेत की हौदात शोधाशोध करावी लागणार नाही. खाकी माद्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात, पण खुडूक क्वचितच होतात, म्हणजे अंडी उबवायला सहसा बसत नाहीत, तेव्हा पिल्ले हवी असतील तर त्यांची अंडी मस्कोव्हीखालीच ठेवावी लागतील.

सिरपूरचा भटक्या : सरपणाचा ढीगच का, याचे उत्तर तिच्या मूळच्या रानात आहे. मस्कोव्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, आणि तिथे ती झाडांच्या ढोलीत घरटे करते. आपल्याकडे अडई या रानबदकालाही ढोली चालते. हळदी-कुंकू बदक मात्र पाण्याजवळच्या दाट गवतात जमिनीवर अंडी घालते. इंदूरच्या सिरपूर तलावावर असे घरटे दिसलेच, तर दुरून पाहून परत यावे, कारण रानपक्ष्यांची अंडी उचलणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

जुना पाळणारा : एक राहिले. ती अंघोळीला गेली की गोणपाटाने अंधार करून अंड्यामागे टॉर्च धरा. आत काळसर गोळा आणि लाल शिरा दिसल्या तर अंडे जिवंत. नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर ते वांझ.

राऊचे अंगण : काका, आज पाहिले. नऊ अंडी गडद, दोन स्वच्छ निघाली. ती दोन काढून घेत असतानाच बाई परतल्या आणि फिस्कारत माझ्या हातावर चोच मारली. खोकी उतरवून जमिनीवर ठेवली आहेत. हौदाच्या कडा उभ्या आहेत, पिल्ले आत पडली तर चढता यायचे नाही, म्हणून एका कोपऱ्यात विटांची पायरी रचायला घेतली आहे.