याकुत्स्कची हिवाळी दिवस-सहल : महिना कोणता, गाइड कशासाठी

प्रति : सर्व सभासद
विषय : याकुत्स्क सहल – आपली मते कळवावीत

सप्रेम नमस्कार,

यंदाच्या हिवाळ्यात रशियाच्या सायबेरियातल्या याकुत्स्कला जायचे, हे सहल समितीत एकमताने ठरले. त्यापुढच्या प्रत्येक प्रश्नावर मात्र दोन तट पडले आहेत. काही सभासदांना ऐन जानेवारीतच जायचे आहे, कारण एवढ्या थंड शहरात जायचे आणि तेही थंडी ओसरल्यावर, हे त्यांना पटत नाही. दुसरा गट मार्चचा आग्रह धरतो आहे, कारण आपल्याबरोबर सत्तरीच्या आसपासची मंडळी आणि शाळकरी मुलेही असणार आहेत.

दुसरा प्रश्न गाइडचा आहे. तिथल्या सहल कंपन्या गाडी, गाइड आणि जेवण यांसह दिवसभराच्या सहली नेतात. काहींचे म्हणणे असे, की शहर आटोपशीर आहे, नकाशा फोनवर असतो, मग आपले आपण का हिंडू नये? आपले माजी कार्यवाह नोकरीच्या निमित्ताने तिथे राहून आलेले आहेत. त्यांनी सविस्तर लिहावे, अशी त्यांना विनंती आहे.

आपली नम्र,
समन्वयक, सहल समिती

---

प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर – याकुत्स्क सहल

समन्वयकताई आणि मंडळी, सप्रेम नमस्कार.

आधी गाइडबद्दल लिहितो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. निदान पहिल्या दिवशी गाइड घ्यावाच, असे माझे ठाम मत आहे. उणे ४० अंशांत आपण किती वेळ बाहेर राहू शकतो, याचा नवख्या माणसाचा अंदाज हमखास चुकतो. याकुत्स्कला हिवाळ्यात वारा जवळजवळ पडलेला असतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर पहिली काही मिनिटे माणसाला ‘एवढीच का ती थंडी?’ असे वाटते आणि तो हातमोजे काढून फोटो घेऊ लागतो. बोटांना कळ लागते तेव्हा सावध होता येते. कळ थांबून बोटे बधिर झाली, की आता सवय झाली असा समज होतो, आणि तोच धोक्याचा क्षण असतो. जाणता गाइड बोलता बोलता प्रत्येकाच्या गालांकडे आणि नाकाच्या शेंड्याकडे पाहत असतो. तिथे पांढुरका ठिपका दिसला, की पुतळ्याची माहिती अर्धवट सोडून तो सगळ्यांना गाडीत बसवतो. आपण पैसे मोजायचे ते या नजरेसाठी.

म्हणूनच कंपनीने पाठवलेला कार्यक्रम वाचताना त्यात किती ठिकाणे आहेत, हे मोजू नये; दोन ठिकाणांच्या मध्ये ऊब कुठे मिळणार आहे, ते पाहावे. पंधरा-वीस मिनिटे बाहेर आणि मग तापलेली गाडी, संग्रहालय किंवा चहाचे ठिकाण, अशा क्रमाने आखलेला दिवस ज्येष्ठांनाही झेपतो. गाडी दिवसभर चालू ठेवणार का, हेही आधी विचारून घ्यावे. तिथे कडाक्याच्या थंडीत बंद केलेले इंजिन पुन्हा चालू होईलच, याची खात्री नसते. त्यामुळे लोक गाड्या चालू ठेवतात, जाड गोधडीवजा आवरणात गुंडाळतात, नाहीतर तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवतात. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरू नये म्हणून दुहेरी काच बसवलेली असते. अशी काच नसलेल्या गाडीतून बाहेरचे शहर दिसतच नाही, आणि मग गाडीतून फिरण्याला काही अर्थ उरत नाही.

शहर पाहायचे म्हणजे काय पाहायचे, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण याकुत्स्कची खरी नवलाई पायाखाली आहे. सगळे शहर कायम गोठलेल्या जमिनीवर उभे आहे. उन्हाळ्यात तिचा वरचा थोडासाच थर वितळतो आणि खाली शेकडो मीटर खोलपर्यंत ती गोठलेलीच राहते. इमारतीची ऊब जमिनीत उतरली, तर जमीन विरघळून इमारत खचेल. म्हणून मोठ्या इमारती खांबांवर उचललेल्या असतात आणि खालून थंड हवा खेळती ठेवलेली असते. गरम पाण्याचे नळही याच कारणाने जमिनीत पुरत नाहीत. जाड वेष्टण घातलेले ते नळ रस्त्याच्या कडेने धावतात आणि रस्ता आडवा आला, की कमानीसारखे वर चढून पलीकडे उतरतात. हे एकदा समजले, की साधा रस्ताही वेगळाच दिसू लागतो. फ्योदर शेर्गिन नावाच्या, रशियन-अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या गृहस्थाने १८२८ मध्ये इथे विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत खणत तो ११६ मीटरांच्या खाली गेला, तरी गोठलेली जमीन संपली नाही आणि पाणीही लागले नाही. पुढे १८४०च्या दशकात मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याच खड्ड्यात उतरून वेगवेगळ्या खोलीवरची तापमाने मोजली, आणि कायम गोठलेल्या जमिनीच्या शास्त्रीय अभ्यासाला तिथून चालना मिळाली. पाण्यासाठी घेतलेले कष्ट असे वेगळ्याच कारणी लागले, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याच अभ्यासाचे आजचे केंद्र म्हणजे मेल्निकोव्ह संस्था. भेट देणाऱ्यांना तिथल्या भुयारी प्रयोगशाळेत नेतात. मात्र त्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते आणि हे काम कंपनीवर सोपवलेले बरे. आत भिंतींवर आणि छतावर बर्फाचे स्फटिक पाकळ्यांसारखे वाढलेले असतात, आणि त्यांना हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे. बाहेर उणे ४५ असताना खाली उतरलेल्या माणसाला चक्क उबदार वाटते, कारण तितक्या खोलवर तापमान शून्याखाली काही अंशांच्याच घरात असते. याच्या जोडीला मॅमथ संग्रहालय आणि खोमुस संग्रहालय घ्यावे. खोमुस हे दातांशी धरून वाजवायचे लोखंडी वाद्य आहे, आणि संग्रहालयातली मंडळी ते बहुधा वाजवूनही दाखवतात.

बाजारात मात्र जायलाच हवे. उघड्यावरच्या त्या बाजारात नदीतले मासे दगडासारखे कडक होऊन खोक्यांतून डोके वर करून उभे असतात, सरपणाच्या मोळीसारखे. शीतपेटीची गरजच नसते. दूधही गोठलेल्या चकत्यांच्या रूपात मिळते. कच्च्या गोठलेल्या माशाच्या पातळ सालींसारख्या कापांना स्त्रोगानिना म्हणतात. मांसाहारी मंडळींनी ती विश्वासाच्या उपाहारगृहातच चाखावी, कारण कच्चा मासा शेवटी कच्चाच असतो. शाकाहारींची सोय आधी कळवल्याशिवाय होणार नाही, हे समितीने लक्षात घ्यावे.

आता महिना. डिसेंबर मी सुचवणार नाही. तेव्हा उजेड जेमतेम पाच तास असतो; शिवाय उणे ४० च्या खाली दरीत साचून राहिलेल्या थंड हवेत गाड्यांचा धूर, धुराड्यांची वाफ आणि माणसांचे श्वास गोठून दाट हिमधुके धरते आणि समोरची इमारतही पुसट होते. जानेवारीच्या अखेरीस थंडी पुरेपूर असते (जानेवारीची सरासरी उणे ३८ च्या आसपास आहे), पण उजेड सात तासांच्या पुढे गेलेला असतो. तिथल्या मूळच्या साखा लोकांच्या कथेत हिवाळा हा उत्तरेच्या महासागरातून येणारा बैल आहे. जानेवारी संपताना त्याचे एक शिंग मोडते आणि फेब्रुवारीत दुसरे, असे सांगतात. तरी बेसावध राहू नये. शहरातली उणे ६४.४ ची नीचांकी नोंद १८९१च्या फेब्रुवारीतलीच आहे. माझे मत जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या बाजूने आहे.

आपला स्नेहांकित,
माजी कार्यवाह

---

प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर – याकुत्स्क सहल (प्रकृतीविषयी)

आदरणीय माजी कार्यवाह आणि सर्व सभासद, नमस्कार.

पत्र मनापासून आवडले, परंतु जानेवारीच्या निष्कर्षाशी सगळ्यांच्या बाबतीत मी सहमत होऊ शकत नाही. कडक थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा स्पष्ट होकार मिळाल्याशिवाय नाव देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दमा असलेल्यांना कोरड्या थंड हवेने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होतो. त्यांनी नाकातोंडावर लोकरी पट्टी ठेवावी आणि इनहेलर आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा, कारण गारठलेला इनहेलर नीट फवारत नाही. इन्सुलिन एकदा गोठले, की वितळल्यावरही ते वापरायचे नसते; तेही अंगाजवळच हवे.

बोटे किंवा गाल पांढरे पडले, तर बर्फाने चोळू नयेत. तो जुना समज आहे आणि त्याने इजा वाढते. उबदार जागी जाऊन अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात बोटे ठेवावीत. मात्र पुन्हा लगेच थंडीत जायचे असेल, तर मधेच ऊब देऊ नये, कारण वितळलेला भाग दुसऱ्यांदा गोठला तर नुकसान अधिक होते. ऊब यावी म्हणून मद्य घेणे तर पूर्ण टाळावे. त्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम झाल्याचा भास होतो आणि शरीराची ऊब प्रत्यक्षात बाहेर निघून जाते.

मुलांच्या बाबतीत मला एवढेच म्हणायचे आहे, की थंडी वाजते आहे हे मूल खेळाच्या नादात सांगत नाही. प्रत्येक मुलामागे एक ठरलेले मोठे माणूस असावे, गाइडच्या भरवशावर सोडू नये.

आपली,
मंडळाच्या आरोग्य गटातील डॉक्टर

---

प्रति : सर्व सभासद
विषय : उत्तर – याकुत्स्क सहल (प्रकृतीविषयी)

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि त्यावरून एक तोडगा सुचतो. दोन वेगळ्या सहली कराव्यात. ज्यांना थंडीच अनुभवायची आहे आणि ज्यांची प्रकृती साथ देते, त्यांनी जानेवारीअखेर जावे. ज्येष्ठांनी आणि मुलांनी मार्चमध्ये जावे. मार्चची सरासरी उणे २० च्या आसपास असते, ऊन लख्ख असते आणि दिवस जवळजवळ रात्रीएवढा होतो. मार्चच्या गटाला आणखी एक लाभ आहे. लेना नदीकाठचे लेना स्तंभ, म्हणजे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले ते उत्तुंग खडक, हिवाळ्याच्या उत्तरार्धात गोठलेल्या नदीवरून गाडीने जाऊन पाहता येतात. शहरापासून ते सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे पहाटे निघून रात्री परतावे लागते. उजेड कमी असताना हा बेत करण्यात शहाणपण नाही. कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या ओय्म्याकोन गावाचे नाव काहींनी घेतले होते. ते रस्त्याने नऊशे किलोमीटरांहून लांब आहे, तेव्हा दिवसाच्या सहलीत त्याचा विचारच करू नये.

कपड्यांबाबत एकच सांगतो, पायांत कसूर नको. रेनडियरच्या कातड्याचे बूट तिथे वापरतात, कारण त्या केसांच्या पोकळीत हवा कोंडलेली असते. अनेक कंपन्या बूट आणि कोट भाड्याने देतात. धातूच्या काड्यांचा चष्मा गालाला चिकटतो, म्हणून प्लास्टिकची चौकट घ्यावी. कॅमेरा आत नेण्यापूर्वी बाहेरच पिशवीत घट्ट बंद करावा, म्हणजे दव पिशवीवर धरते आणि भिंगावर धरत नाही. फोन आतल्या खिशातून गरजेपुरताच काढावा.

स्नेहांकित,
माजी कार्यवाह

---

प्रति : सर्व सभासद
विषय : निर्णय – याकुत्स्क सहल

सप्रेम नमस्कार,

समितीने माजी कार्यवाह आणि डॉक्टरताई यांच्या पत्रांचा विचार करून दोन गटांचा प्रस्ताव स्वीकारला आहे. दोन्ही गटांना पहिल्या दिवशी गाइड आणि दुहेरी काचेची, दिवसभर चालू राहणारी गाडी मिळेल, हे कंपनीकडून लेखी घेतल्याखेरीज आगाऊ रक्कम भरली जाणार नाही. नाव देताना सभासदांनी आपला गट, बुटांचे माप, आहार आणि चालू असलेली औषधे कळवावीत. जानेवारीच्या गटासाठी डॉक्टरांचे पत्र जोडणे आवश्यक राहील.

आपली नम्र,
समन्वयक, सहल समिती