क्षेत्रफळाची लिस्प लॉक आहे, लिहिणारा सापडत नाही. फोडून घ्यावी का?

नळस्टॉप_ड्राफ्टिंग
मंडळी, कर्वे रोडवरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्टिंग बघते. युडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) आल्यावर, २०२१ मध्ये, साहेबांनी एका मुलाकडून ऑटोलिस्पचं, म्हणजे ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेतलं, रूटीन लिहून घेतलं. पी-लाइनच्या (मजल्याच्या बांधकामाची बाहेरची हद्द) पॉलिलाइन, म्हणजे सलग रेघा, निवडल्या की मजल्यागणिक क्षेत्रफळ, निवासीला ६० टक्के अ‍ॅन्सिलरी (मूळ क्षेत्रावर धरायचं पूरक क्षेत्र), सगळं तक्त्यात येऊन पडतं. हाताला त्याची इतकी सवय झालीय की कॅल्क्युलेटर कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.

आता खाली दुकानं, वर फ्लॅट अशी इमारत आलीय. दुकानांना ८० टक्के लागतात, आणि रूटीनला ते माहीतच नाही. लेयरची नावंही आत पक्की बसवलेली. आमच्याकडे फक्त फास फाइल आहे, ती चालते पण आतला कोड वाचता येत नाही. मुलाचा नंबर बंद.

टेलिग्रामवर एकजण म्हणतो, फाइल पाठवा, १५०० रुपयांत कोड काढून देतो. साहेबांचं म्हणणं, पैसे आपण मोजलेत, वस्तू आपली. मला काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. काय करावं? आणि पुण्यात कोणी लिस्प लिहून देणारं असेल तर सुचवा.

भोसरीचा_पत्रा
ताई, पाठवू नका. आमच्याकडे शीटमेटलच्या ड्रॉइंगसाठी अशीच एक ‘मोकळी करून दिलेली’ लिस्प पेनड्राइव्हवरून आली होती. आठवड्यात प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये अकॅडडॉक नावाची फाइल दिसायला लागली आणि एक्सप्लोड कमांड चालेना. त्या नावाची लिस्प ऑटोकॅड प्रत्येक ड्रॉइंग उघडताना आपसूक वाचतं, म्हणून ही मंडळी तेच नाव घेतात. पोरं म्हणत होती, ऑटोकॅड करप्ट झालंय. दोनदा नव्याने टाकलं. फाइल सर्व्हरवर बसलेली, टाकून काय होणार!

आमचं निदान एवढ्यावर निभावलं. २०१२ मधला मेड्रे नावाचा किडा ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला होता. उघडलेली ड्रॉइंग तो गुपचूप चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवायचा. सगळ्यात जास्त पेरूमध्ये पसरला होता. तुमच्या सर्व्हरवर लोकांच्या घरांचे नकाशे आहेत, एवढं लक्षात ठेवा.

जाता जाता सिक्युअरलोड टाइप करून बघा. २०१४ च्या ऑटोकॅडपासून हे आहे. १ असेल तर विश्वासाच्या फोल्डरबाहेरची लिस्प चढवताना विचारतं. बहुतेक ऑफिसांत कोणीतरी त्या खिडकीला वैतागून ० करून ठेवलेलं असतं.

कंसातला_माणूस
मी लिस्प लिहून विकतो आणि लॉकही करतो. तेव्हा माझ्या तोंडून ऐका.

जुनं प्रोटेक्टवालं कुलूप म्हणजे गेटवरची ‘येथे वाहने लावू नयेत’ पाटी. तिथेच गाड्या लागतात. फास जरा वेगळं, तो कंपाइल केलेला कोड असतो. तोही उलटा करता येतो, पण हातात येतं ते मूळ लिखाण नाही. शेरे गेलेले, आतल्या व्हेरिएबलची नावं गेलेली. मिसळीतून मटकी वेचता येते, तर्रीतून मसाला परत डब्यात जात नाही. असला कोड वाचून त्यात ८० टक्क्यांचा हिशोब घुसवायचा, तर मला नवीन लिहायला लागेल त्यापेक्षा जास्त वेळ जाईल.

मी लॉक का करतो? एकदा उघडी फाइल दिली होती. सहा महिन्यांनी तीच, वर दुसऱ्याचं नाव टाकून, मलाच विकायला आली. (घासाघीस करून बघितली. किंमत माझ्यापेक्षा कमी होती.)

तुम्हाला कोड नकोच आहे, नियम हवेत, आणि नियम युडीसीपीआरमध्ये छापलेले आहेत. जुनी दहा ड्रॉइंग घ्या. रूटीन काय मागतं, काय देतं ते कागदावर उतरवा आणि प्रत्येकाचा हिशोब एकदा हाताने करा. त्यावरून कोणीही नवीन लिहील. या वेळी मूळ लिस्पसकट घ्या, तसं लेखी घ्या.

सदाशिव_दिवाणी
वकील आहे, पण हे सशुल्क मत समजू नका.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. मुलगा पगारी असता, तर कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, हक्क ऑफिसचा. बाहेरचा असेल आणि हक्क लेखी सोडला नसेल, तर हक्क त्याच्याकडेच. पैसे दिले म्हणजे वापरायची परवानगी मिळाली. कलम ५२ थोडी मोकळीक देतं: कायदेशीरपणे हाती आलेला प्रोग्राम कसा चालतो हे अभ्यासायला, आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवायला लागणारी आणि दुसरीकडे न मिळणारी माहिती काढायला. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फोडायचं, बदलायचं आणि वर आपलं नाव घालायचं, हा हेतू कोर्टात नाकारणं कठीण जातं.

साहेबांना एकच विचारा. बंगल्याची फी घेतल्यावर क्लायंटला डीडब्ल्यूजी (बदल करता येणारी मूळ ऑटोकॅड फाइल) देता, की पीडीएफ?

नळस्टॉप_ड्राफ्टिंग
विचारलं. साहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला. पण टेलिग्रामवाला बारगळला.

सिक्युअरलोड आमच्या चार मशीनवर ०. कोणी केलं, कोणालाच आठवत नाही. आता १ आहे.

जुनं बिल काढून त्यातल्या ईमेलवर लिहिलं. तो मुलगा आता हिंजवडीत नोकरीला आहे, त्याचं दुसऱ्या दिवशीच उत्तर आलं. मूळ लिस्प त्याच्याकडेही नाही, लॅपटॉप केव्हाच गेला. ‘उघडा, बदला, माझी हरकत नाही’ असं लिहून दिलंय.

कंसातला_माणूस
भला माणूस. तो मेल जपून ठेवा. आता वेगळ्या, नेट नसलेल्या मशीनवर मीच उघडून बघू शकतो, पण मत तेच, नवीन लिहू. दहा ड्रॉइंगचं काय झालं?

नळस्टॉप_ड्राफ्टिंग
नऊ जुळली. दहाव्यात हाताचा हिशोब रूटीनपेक्षा कमी येतो. दुसऱ्या मजल्यावर पॉलिलाइन एकावर एक दोनदा पडलीय, आणि हे बाळ दोन्ही मोजतं. चार वर्षं आम्ही डोळे मिटून छापतोय. हे प्रकरण अजून मंजुरीला गेलेलं नाही, पण आधीची किती होती ते आता मोजायला बसलेय. कॅल्क्युलेटर सापडला.