‘ओवसा’ की ‘वसा’?

विचारणा (अलिबाग)
घरच्या गौरीची रीत पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवत आहे. त्यातल्या एका प्रकरणाला मी ‘नव्या सुनेचा पहिला ओवसा’ असे नाव दिले होते. मजकूर तपासून देणाऱ्या स्नेह्यांनी ‘ओवसा’ खोडून ‘वसा’ केले आणि समासात ‘ओवसा हा अपभ्रंश’ असा शेरा मारला. आमच्याकडे वसा घेतात आणि ओवसा भरतात. सुपात फळे, काकडी, पानसुपारी, नारळ, खण अशी मांडणी करून सून ते सूप दोन्ही हातांनी धरून गौरीपुढे हलवते, तेव्हा तिने ‘गौर ओवसली’ असे म्हणतात. मग ती सुपे सासू, जावा, नणंदा यांना दिली जातात आणि घेणारी तिच्या हातावर पैसे किंवा साडी ठेवते. या दोन शब्दांचे काही नाते आहे का, आणि छापताना कोणता ठेवावा?

प्रतिसाद (पुणे)
माझ्या मते दोन्ही ‘उपवास’ या शब्दातूनच आले असावेत. आरंभीच्या ‘उप’मधला ‘उ’ मराठीत गळतो, याची ओळखीची उदाहरणे आहेत: ‘उपविश्’पासून ‘बैसणे’, ‘बसणे’ आणि ‘उपायन’पासून ‘वायन’, ‘वाण’. ‘वसा’मध्ये तो असाच गळला आणि ‘ओवसा’मध्ये ‘ओ’ होऊन टिकला, असे मानले तर अधिक झिजलेले रूप ‘वसा’ ठरते. तेव्हा ज्याला अपभ्रंश म्हणून खोडले तोच शब्द मुळाच्या अधिक जवळचा आहे. आपण ‘ओवसा’च ठेवावा.

प्रतिसाद (चिपळूण)
निष्कर्ष मान्य आहे, व्युत्पत्ती मात्र पटत नाही. गौर आली त्या संध्याकाळी आमच्याकडे भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, पूजनाला घावन-घाटले असते आणि कोकणातल्या अनेक घरांत तिखटाचाही (मांसाहारी नैवेद्याचाही) मान असतो. माहेरवाशिणीला पोटभर जेवू घालण्याच्या या सणात उपवास आला कुठून? आजी सांगत असे की सूप गौरीवरून ओवाळायचे, म्हणून तो ओवसा. ती ज्या आवाजात ‘ओवस गो’ म्हणत असे, त्यात मला ओवाळणेच ऐकू येते.

प्रतिसाद (पुणे)
आजींविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की ‘ओवाळणे’मधला ‘ळ’ जाऊन तेथे ‘स’ कसा आला, हे दाखवता येत नाही. शिवाय ‘उपवास’ म्हणजे उपाशी राहणे हा नंतरचा अर्थ आहे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वस्’ म्हणजे राहणे, म्हणजे देवतेच्या सान्निध्यात राहणे. तो अर्थ धरला तर घावन-घाटल्याची अडचण उरत नाही.

प्रतिसाद (परभणी)
आमच्याकडे ओवसा नाही आणि ‘गौरी’ हा शब्दही सणापुरता क्वचितच ऐकू येतो. आम्ही महालक्ष्म्याच म्हणतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी मुखवट्यांच्या, सोळा भाज्या, सोळा गाठींचा दोरा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन हा क्रम मात्र सर्वत्र एकच आहे. म्हणून माझी सूचना अशी की लेखनात सगळीकडे ‘ज्येष्ठागौरी’ हे शास्त्रोक्त नाव घ्यावे आणि प्रांतोप्रांतीचे शब्द कंसात द्यावेत.

प्रतिसाद (चिपळूण)
कंसात का? आमच्या गौरीला मुखवटा पुष्कळ घरांत नंतर आला. मुळात ती तेरड्याची. मुली पाणवठ्यावरून तेरडा मुळांसकट उपटून आणतात आणि दारात तिच्या मुळांवर पाणी घालून, पाय धुतल्यासारखे करून, तिला आत घेतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मला याच तीन दिवसांची वाटते. शास्त्रोक्त नावाखाली हे सारे झाकले जाणार असेल, तर ती एकरूपता मला नको आहे. परभणीकरांनीही ‘महालक्ष्म्या’ हा शब्द कंसात घालू नये.

प्रतिसाद (परभणी)
आक्षेप रास्त आहे, परंतु पार्वतीरूप गौरी आणि महालक्ष्मी या एकाच पूजेत कशा आल्या, हा प्रश्न नाव टाळून सुटत नाही. मूळ विचारणेबद्दल एक सांगावेसे वाटते. श्रावणातल्या कहाण्यांत ‘बाई बाई, कशाचा वसा वसता?’ असे विचारतात. तेथे ‘वसा वसणे’, येथे ‘ओवसा ओवसणे’. क्रियापदांची ही जोडी पाहता दोन्ही शब्द सख्खे असावेत, असे मलाही वाटू लागले आहे.

विचारणा (अलिबाग)
सर्वांची आभारी आहे. ‘ओ’चा मुद्दा स्नेह्यांना कळवला. त्यांनी ‘वसा’चा आग्रह सोडला, आता त्यांचे म्हणणे आहे की शुद्ध शब्द हवा तर ‘वायनदान’ लिहावे. आमच्या आळीत हा शब्द कोणीही वापरत नाही, त्यामुळे तो मी घेणार नाही. ‘ओवसणे’ हे क्रियापद गौरीखेरीज अन्य प्रसंगी कोणी ऐकले आहे का?

प्रतिसाद (चिपळूण)
मी ऐकलेले नाही. आणि ‘ओवाळणे’ मी अजून सोडलेले नाही.